दिवसाला सत्तर रुपये

खाण थांबली, ट्रक विकला.
हप्ते फेडून उरले त्यातले पाच हजार
मी पुरुमेंताच्या बरणीत ठेवले,
सुक्या मिरच्यांखाली,
म्हणजे हात घालताना थोडं झोंबावं.

भाचा तन्वेश म्हणाला, मामी, दोन हजार दे, मग बघ.
पोस्टर केलं: सोनेरी अक्षरं, सूर्यास्त, समुद्र
(साखळीला कुठला आलाय समुद्र?)
आणि मध्ये माझ्या आगळाची बाटली,
माडाएवढी उंच.
कोणाला दाखवायचं, फोनने विचारलं.
तन्वेशने लिहिलं, सगळ्यांना.

तीन दिवसांत अडतीस हजार जणांनी पाहिलं.
लुधियानाहून बदाम आले,
बरणीत टाकता येणारे नव्हेत, नुसते लाल.
कोलकात्याच्या एकाने विचारलं, ही वाइन का?
बाटल्या मांडणीवर तशाच, अठ्ठ्याऐंशी.
मी रोज रात्री मोजायची,
जणू मोजल्याने कमी होतील.

मग एका पहाटे कायतान पदेराचा भोंपू आला, पों, पों,
आणि मी अंथरुणातच त्याचा हिशेब मांडू लागले.

कायतान रानात वाजवत नाही.
वळणावर ऐकायला फक्त वड, तिथे हात हँडलवरच.
लाडूबाईच्या दाराशी दोनदा, तिला कमी ऐकू येतं.
बाळ निजलेल्या घरापुढे नुसता ब्रेक करकचतो.
नवं बिऱ्हाड आलं की आठ दिवस वाजवतो,
फाटकाला पिशवी टांगलेली दिसली नाही
तर नवव्या दिवशी त्यांच्यावर हवा खर्च करत नाही.
आणि टोपली रिकामी झाली
की घरी जाताना
गप्प.

सकाळी फोन मी माझ्या हातात घेतला.
चष्मा, वही, पेन्सिल.
साखळीभोवती तीस किलोमीटर, पुढे नको:
काच टपालात फुटली तर आगळ आणि अब्रू दोन्ही सांडतात.
वय तिशीच्या वर. खालच्यांना आई आणून देते.
दिवसाला सत्तर, त्याचे दोन वाटे:
पस्तीस तन्वेशच्या सूर्यास्ताला,
पस्तीस माझ्या हातांना,
भिरंडं फोडून मनगटापर्यंत लाल झालेले,
नखांत रंग, एका बोटाला चिंधी.
लाजच वाटली ते लावताना.

पाचव्या दिवशी सूर्यास्त बंद केला.
तन्वेश दोन दिवस बोलला नाही, मग चहाला आला.

वहीत आहे सगळं.
सोमवार: म्हापसा, दोन बाटल्या.
मंगळवार: कोणी नाही.
बुधवार: कोणी नाही. इथे पेन्सिलीचं टोक मोडलंय.
गुरुवार: फोंड्याची खाणावळ, आधी नमुना हवा म्हणे.
शुक्रवार: तीच खाणावळ, बारा.
बदाम किती, ते लिहायचं सोडून दिलं.

शनिवारी दार वाजलं.
रत्नमाला च्यारी, तिसरं घर.
तिची माझी विहीर एक, दोरीसुद्धा एक.
हातात फोन, फोनमध्ये माझे हात.
अगो, ही चिंधी तुझीच ना? म्हणाली.
माझ्या साडीची किनार आहे ती, मीच फाडून दिली होती.
आणि मी सतरा वर्षं म्हापशाहून आगळ आणते,
तू एकदा सांगायचं नाही?

तिचाही हिशेब लिहून ठेवला:
विहिरीपलीकडे पोचायला एक रुपया दहा पैसे.
त्यात फोनचा काही दोष नाही.

एकविसाव्या दिवशी चार बाटल्या उरल्या.
मी जाहिरात थांबवली.
त्या चार पाणी शेंदताना सांगून जातील.
बरणीत मिरच्यांखाली पंधराशे तीस शिल्लक,
पुढची भिरंडं पिकेपर्यंत.
आत्ता मोजले.
बोटं अजून झोंबताहेत.